हॉलिसचा उशीर

६ नोव्हेंबर २०२४

ऋतुजा काल पुण्याला परत गेली. चिवड्याचा डबा इथंच विसरली आणि ही डायरी मात्र आठवणीनं ठेवून गेली. तिच्या कंपनीची आहे. कागद बरा आहे, शाई फुटत नाही. म्हणाली, बाबा, हॉलिसबद्दल मला फोनवर सांगता ते ह्यात लिहीत जा. म्हणजे मला सांगू नका. पोरीचं बोलणं आईवर गेलंय, कमी शब्दांत काम उरकते.

पहिल्या पानावर नाव, गाव, व्यवसाय, रक्तगट, छंद अशा जागा आहेत. उत्तरेश्वर, केज, मोटार रिवाइंडिंग, बी पॉझिटिव्ह. छंदाला त्यांनी बोटभर जागा सोडलीय. तिथं मावत नाही म्हणून इथं लिहितो.

हॉलिस ट्रेव्हर्न. अमेरिकेतला गिटारवाला, वय चौऱ्याहत्तर. आपल्याकडं कुणाला माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी पाणबुडी मोटारीच्या वाइंडिंगचा व्हिडिओ शोधत होतो, मध्येच हा माणूस आला. टक्कल, जाड चष्मा, मांडीवर पोटफुगी गिटार, आणि बोटं अशी, की गिऱ्हाइकाची मोटार उघडी टाकून मी तसाच बसलो. त्या दिवशी मी गिटार घ्यायचं ठरवलं. लातूरहून आणली. गुरू केला नाही. करायचा म्हटला तरी केजमध्ये कुठला? गिटारीतला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबकावरचं वेटोळं, सुमार होता, तो काढून मी माझ्या हातानं गुंडाळला, केसाहून बारीक तार, एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. आता लातूरच्या दुकानदारानं ऐकली तर ओळखणार नाही.

आज लिहायला कारण आहे. हॉलिसनं जाहीर केलंय, त्याची ती जुनी चाल आपापल्या पद्धतीनं वाजवून पाठवा, जानेवारीअखेरपर्यंत. तो स्वतः ऐकणार आणि ज्यांचं ऐकण्यालायक वाटेल त्यांना स्वतः लिहिणार. त्या चालीला मी जिन्याची चाल म्हणतो, कारण सूर पायरी पायरीनं खाली येतात आणि शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा तर ती नसते.

मी पाठवणार. बायकोला, सत्यशीलाला सांगितलं. ती फरशीवरचं तेल पुसत होती, डबा हातून निसटला होता. म्हणाली, पाठवा की.

१० नोव्हेंबर

शेजारच्या सुग्रीवनं आज परत विचारलं, ह्या म्हाताऱ्यात एवढं काय आहे. सुग्रीवचं पंक्चरचं दुकान आहे आणि भजनी मंडळात तो पेटी वाजवतो, म्हणून त्याला समजावण्यात अर्थ आहे.

त्याला सांगितलं ते इथं नोंदवतो, कारण हे मी कुणाकडून शिकलो नाही, माझं मी शोधलंय. दोन वर्षं मी हॉलिसची बोटं बघून वाजवत होतो आणि बोटं मोडत होती. कुठल्याच गिटारवाल्याचा हात असा पडत नाही. मग एक दिवस सुग्रीवच्याच पेटीवर ते सूर दाबून बघितले, तर सगळे पंजाखाली आयते आले. तेव्हा समजलं, हा माणूस गिटार वाजवतच नाही. पियानो वाजवतो, फक्त तारांवर. त्याची आई पियानो वाजवायची, सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी हॉटेलात. हा पियानोखाली बसून मोठा झाला. बीबॉप म्हणून एक प्रकार आहे, आपल्या आजोबांच्या काळातला. त्यात पियानोवाल्याचा उजवा हात लांबच लांब ओळी काढतो, तानेसारख्या, पण वळणं सरळ नाहीत, गल्लीबोळांतून पळत्या माणसासारखी. आणि डावा हात मध्येच एखादी टिचकी मारून गप्प बसतो. हे दोन्ही हात हॉलिसनं एका गिटारीत कोंबलेत.

सुग्रीवनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग त्यानं पियानोच घ्यायचा की बे. परवडत नसंल."

१९ नोव्हेंबर

चाल बसली. एकही सूर चुकत नाही. रेकॉर्ड करून ऐकली आणि बंद केली. मेलेली आहे.

कारण मला माहीत आहे. हॉलिसच्या ओळीत दर थोड्या वेळानं एक सूर मागं राहतो. चुकून नाही, कारण पुढच्या ठोक्याला तो बरोबर हजर असतो. पण तो एक सूर असा रेंगाळतो, की ऐकणाऱ्याचा जीव त्यापाशी थांबतो. ह्याला मी हॉलिसचा उशीर म्हणतो. माझ्या धंद्यातही हे आहे. चार पोलच्या मोटारीचं चुंबक मिनिटाला पंधराशे फेऱ्या फिरतं, पण आतला रोटर चौदाशे चाळीसच फिरतो. तो मागं राहतो म्हणूनच मोटार ओढते. चुंबकाच्या बरोबरीनं फिरला तर नुसता फिरेल, पाणी चढणार नाही. ह्याला स्लिप म्हणतात. हॉलिसला स्लिप आहे. मला नाही.

मोबाइलवर वेग कमी करून बघितलं, मोजून मागं राहिलो. मोजून मागं राहिलं की नुसतं चुकल्यासारखं वाटतं.

२४ नोव्हेंबर

वाण्याशी वाद झाला. सत्यशीला चार दिवस म्हणत होती, हिंगाला वासच न्हाई, फसवलं मेल्यानं. पुडी घेऊन गेलो. त्यानं माझ्या नाकाखाली धरली. वास चांगला झणझणीत होता. दुसऱ्या दुकानातून आणला, त्यालाही ती म्हणाली न्हाई. मी हुंगला. आहे. बायकांना एखादं दुकान मनातून उतरलं की उतरलं. वाण्याची माफी मागायला मलाच परत जायला लागणार, ही काही जाणार नाही.

२ डिसेंबर

आज सापडलं.

सकाळी गिटार घेऊन ओट्याच्या अलीकडं बसलो होतो. सत्यशीला भाकरी करत होती. ह्या घरात सव्वीस वर्षं ती सकाळी भाकरी थापतेय. तो आवाज मला घड्याळासारखा, म्हणजे ऐकू न येणारा. आज अचानक ऐकू आला. थाप, थाप, आणि तिसरी थाप जागेवर नाही. रेंगाळली. मग मागोमाग दोन बारीक, पटपट, राहिलेलं भरून काढल्यासारख्या. परत थाप, थाप, उशीर.

हॉलिस. हुबेहूब हॉलिस.

मी हळूच जिन्याची चाल सुरू केली, तिच्या हाताच्या अंगानं. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं. आणि चाल जिवंत झाली. अंगावर काटा आला हे मी उगाच लिहीत नाही.

तिला सांगितलं, तुझ्या हातात माझं संगीत उतरलंय. सहा वर्षं ऐकून ऐकून मुरलं. ज्याच्यासाठी मी मरायलोय ते तुझ्या हाताला न शिकता आलं.

ती म्हणाली, "उतरलंय न्हाई. हात जड पडायलाय माझा. अन् तुमाला त्याचं गाणं."

कौतुक तिला कधीच सोसत नाही.

५ डिसेंबर

परातीजवळ मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग केलं. गॅसचा आवाज येतो म्हणून परात फरशीवर घ्यायला लावली. गिटार नंतर वेगळी चढवायची असं ठरवलं होतं, पण जमत नाही. एकत्रच बसायला लागतं. तिचा हात कधी रेंगाळणार हे आधी समजत नाही आणि तीच तर गंमत आहे.

तिच्या भाकरी अलीकडं एका बाजूला जाड होतात. सांगितलं. खाताना जाणवतं.

११ डिसेंबर

रोज चार-पाच भाकरी जास्तीच्या होतात. पीठ घेतल्याशिवाय थापा नीट येत नाहीत, रिकाम्या परातीत आवाज पत्र्यासारखा येतो. जास्तीच्या सुग्रीवकडं देतो. तो म्हणाला, उत्तरेश्वरराव, तुमच्या विद्येनं आमच्या घरचं जेवण भागायलंय, असाच रियाज चालू द्या.

सत्यशीला पाचव्या भाकरीला दमते. पण उशीर पाचव्या भाकरीनंतरच खरा खुलतो. आज तिला म्हटलं, अजून दोन. तिनं पिठाचा डबा ओढला.

२२ डिसेंबर

मांजरसुंब्याला लग्न होतं, तिच्या मावसभावाच्या पोरीचं. जीपमधून उतरायला हिला वेळ लागला. एक पाय खाली, दुसरा वरच. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न लावून धरला. मी म्हटलं, साडी आवर. ती म्हणाली, साडी न्हाई, पाय निघंना. मग निघाला.

मांडवात सगळ्यांनी विचारलं, सत्यशीला रागावली का. तोंडावर हसू नाही. मी म्हटलं, वय झालं, गंभीर झाली. परत येताना ढाब्यावर चहा घेतला. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. थंडी होतीच.

ढाब्यावर गाणी बडवत होते. सगळी अगदी ठोक्यावर. एवढ्या गर्दीत एकाही माणसाला स्लिप नाही.

४ जानेवारी २०२५

ऋतुजाचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, बाबा, आई अशी का दिसतेय? मी म्हटलं, कशी? म्हणाली, फोटोसारखी. बोलतेय पण चेहरा हलत नाही. आणि आवाज इतका बारीक का? मी सांगितलं, नेटवर्क. मी स्वतः शेजारी बसलो होतो आणि मलाही नीट ऐकू येत नव्हतं, पण ती हल्ली असंच बोलते. मी चार वेळा सांगितलंय, पोटातून बोल.

ऋतुजा म्हणाली, डॉक्टरला दाखवा. म्हटलं, दाखवू, जानेवारी संपू दे.

१२ जानेवारी

आजचं सगळ्यात चांगलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा हात एवढा थांबला, की मला वाटलं भाकर संपली. मी श्वास धरून बसलो. आणि मग तिची थाप आली आणि माझा सूर तिच्यासोबत पडला, एका वेळी, न ठरवता. अशी जागा मी हॉलिसच्याही रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेली नाही.

हेच पाठवणार.

सत्यशीलाला ऐकवलं. तिनं मोबाइल कानाशी धरला. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "माजा हात असा वाजतो?" मी म्हटलं, असाच. अभिमान बाळग.

१५ जानेवारी

पाठवलं. सोबतचा मजकूर इंग्रजीत मी लिहिला, कुणाची मदत घेतली नाही. नाव, गाव, गिटारीचा पिकअप हातानं गुंडाळलेला, आणि मागं ठेका धरणारी माझी पत्नी, शिक्षण नाही पण लय उपजत. पत्नीबद्दल एवढंच. जास्त लिहिलं तर गिटारीवरचं लक्ष जाईल.

२८ जानेवारी

उत्तर नाही. दुकानात लक्ष लागत नाही. एका पिठाच्या गिरणीची मोटार आली. मालक म्हणाला, बघा काय झालंय. मी चालू करायला लावली आणि न उघडता सांगितलं, मागच्या बाजूचं बेअरिंग गेलंय आणि ओढ वाढलीय, थोडे दिवस अजून चालवली असती तर जळाली असती. उघडली तर तेच. मालक बघत राहिला. तालुक्यात कानानं मोटार ओळखणारा दुसरा माणूस नाही.

६ फेब्रुवारी

चार दिवसांपूर्वी सकाळी सत्यशीलानं हाक मारली. ब्लाउजचे हुक लागेनात. लाजत होती. मलाही कसंतरी झालं, लग्न नवं असल्यासारखं. हुक मी तपासले. हुक ठीक होते, पण दोनांची तोंडं जरा मिटलेली वाटली, ती पक्कडीनं उघडून दिली. दुसऱ्या दिवशीही तिनं बोलावलं. मी म्हटलं, आता काय? म्हणाली, हुक नीट हायत. बोटं मिटंनात.

मी लावून दिले. आता रोज देतो.

३ मार्च

आलं. हॉलिस ट्रेव्हर्नचं उत्तर आलं. त्यानं स्वतः लिहिलंय. खाली नाव आहे.

दुकान बंद करून घरी आलो, शब्द न् शब्द बघितला. मोबाइलवर भाषांतर केलं, मग ते चुकलं असेल म्हणून शब्दकोश काढून माझं माझं केलं. इथं उतरवतो:

"तुमची गिटार स्वच्छ आहे. पिकअप सुंदर बोलतो. पण मला तुम्हाला ठेक्याबद्दल लिहायचं आहे. तो उशीर तुमची पत्नी ठरवून करत नाही. तिला तो आवरत नाही. मी हे ओळखतो, कारण मी ह्यात वाढलो. माझ्या आईचा डावा हात पियानोवर असाच मागं राहायला लागला होता. आम्ही भावंडं त्याला तिची शैली म्हणायचो. मी तो उचलला आणि तो माझा झाला. लोक मला विचारतात कुठून आणला आणि मी विषय बदलतो. ती आजारी होती. आम्हाला फार उशिरा कळलं. तुमच्या पत्नीला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. ह्या आठवड्यात."

गिटारीबद्दल दोन वाक्यं. सहा वर्षं, आणि दोन वाक्यं.

४ मार्च

त्याचं वय झालंय. एवढ्या लांबून, मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून माणूस आजारी आहे हे कुणी ओळखतं का? फोनमध्येही आवाज मागं-पुढं होतो, ते त्याला ठाऊक नसेल. मला वाटतं त्याला आईची आठवण आली आणि तो वाहवत गेला. आदर राहील.

सत्यशीलाला दाखवलं नाही. तिनं विचारलं, काय म्हणतोय तुमचा म्हातारा? मी म्हटलं, पिकअप आवडला.

५ मार्च

सकाळी गिटार नेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघितलं. इतके महिने मी ऐकत होतो, बघत नव्हतो.

पहिल्या थापेला पंजा उघडा होता. दुसरीला थोडा कमी. मग बोटं आत आत येत गेली आणि हात पिठावर तसाच राहिला, कुणी धरून ठेवल्यासारखा. ती हाताकडं बघत होती. डाव्या हातानं तिनं तो उचलला आणि परत ठेवला. मग तो घाईघाईनं दोनदा आपटला. मी ज्याला राहिलेलं भरून काढणं म्हणत होतो, ते हे.

कधीपासून, म्हणून विचारलं.

"दसऱ्याच्या आधीपासून. तुमाला बोलले व्हते की."

बोलली होती का, हे मला आठवत नाही. बोलली असणार.

"मंग परत कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमाला लई आवडायलं व्हतं," ती म्हणाली, आणि भाकर तव्यावर टाकली.

८ मार्च

अंबाजोगाईला जाऊन आलो. मेंदूचे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. तरुण आहेत. त्यांनी तिला व्हरांड्यात चालायला लावलं. उजवा हात हलत नव्हता, डावा हलत होता. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं, मोठं मोठं आणि भराभर. सत्यशीलानं सुरू केलं. मोठं, मोठं, लहान, मग थांबलं, मग दोन बारीक पटपट. डॉक्टर बोटांकडं बघत होते. मला बघायची गरज नव्हती. पुढचा थांबा कुठं येणार ते मला पाठ होतं.

मग त्यांनी विचारलं, वास येतो का नीट. ती म्हणाली, हिंगाचा न्हाई येत.

कंपवात, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, हात थरथरत नाही तिचा, कंप नाही तर कंपवात कसा? जरा जोरात म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, सगळ्यांचा थरथरत नाही, काहींचा नुसता हळू होतो.

मी विचारलं, ह्यात काय बदलता येतं? ते समजले नाहीत. म्हटलं, आतलं काय गेलंय, आणि ते नवं बसतं का? म्हणाले, बसत नाही. गोळ्यांनी हालचाल सुधारेल, बरीच वर्षं सुधारलेली राहील. पण आजार मागं जात नाही.

लवकर आलो असतो तर, हे मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, त्यानं आजार थांबला नसता, त्रास मात्र कमी झाला असता. त्रास कमी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. डिसेंबरातल्या जास्तीच्या भाकरी मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

एसटीत ती खिडकीजवळ बसली. म्हणाली, तुमच्या म्हाताऱ्याला कळवा, दाखवलं म्हणून. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, मोबाइल उघडाच ठेवला व्हता तुमी, त्याचा फोटो ऋतुजाला धाडला, तिनं फोनवर वाचून दाखवलं परवा.

९ मार्च

हॉलिसला एक ओळ लिहिली. दाखवलं, तुमचं बरोबर होतं.

दुपारी दुकानात काम नव्हतं. सवयीनं त्याची जिन्याची चाल लावली. पहिला उशीर आला आणि मी बंद केली. परत लावली. परत बंद केली. ती चाल ऐकून मी सहा वर्षं काय म्हणत होतो ते सुग्रीवला माहीत आहे. त्याला हॉलिसच्या पत्रातलं सगळं सांगितलं आणि विचारलं, आता ही ऐकून तुला काय वाटतं? त्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली आणि म्हणाला, आईला बघून वाजवायलाय बिचारा, दुसरं काय. मग म्हणाला, वहिनीला सांगा, भाकरी आता नगं. आमी करतोत घरी.

गिऱ्हाईक आलं. मोटार गरम होते, वेग पडलाय, पाणी वर चढंना. मी त्याला म्हणालो, स्लिप वाढली की मोटार दुखण्यात आलेली असते, तेवढं ओळखायला पाहिजे, नुसतं चालतंय म्हणून चालवायचं नसतं. हे मी सगळ्यांना सांगतो. पाठ आहे.

१७ मार्च

ऋतुजा येऊन गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आईच्या गोळ्यांच्या वेळा मोबाइलमध्ये लावून दिल्या आणि जाताना मला म्हणाली, बाबा, तुम्हाला एवढं ऐकू येतं. मग पिशवी उचलली.

गोळ्यांनी सत्यशीलाला मळमळतं. गुण अजून नाही. मी भाकर करून बघितली. तव्यावर टाकताना फाटली. ती पलंगावरून म्हणाली, पाणी कमी पडलं. मग पाणी जास्त पडलं. तिसरी जमली असं मला वाटलं. ती खाऊन म्हणाली, चारी बाजूंनी जाड हाय, माझी निदान एकाच बाजूनं व्हती.

हसली की नाही ते चेहऱ्यावरून समजत नाही. आवाजावरून वाटलं, हसली.

२ एप्रिल

आज ब्लाउजचे हुक तिनं स्वतः लावले. मी दारात उभा होतो. मला आत बोलावलं नाही. गोळी लागू पडायला लागलीय.

दुपारनंतर गोळीचा जोर उतरतो, तेव्हा तिचा आवाज परत बारीक होतो. पण सकाळ तिची असते.

हॉलिसचं काही आलं नाही. येऊ नये. काय लिहिणार तो?

१३ एप्रिल

सकाळी ती म्हणाली, गिटार घ्या, लई दिवस झाले. मी म्हटलं, नको. म्हणाली, घ्या, मला नुस्त्या भिंतीकडं बघून भाकरी करायचा कंटाळा येतो.

घेतली. तिनं परात ओढली. पीठ मळलं, गोळा केला, थापायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप, थाप. सगळ्या सारख्या. नवं बेअरिंग घातलेल्या मोटारीसारख्या. पंजा शेवटपर्यंत उघडा राहत होता. भाकर गोल झाली, चारी बाजूंनी सारखी. देवाचे उपकार मानायला पाहिजेत आणि मी मानले.

पण गिटारीतून सूर निघेना. मी ज्या फटीतून आत शिरायचो ती फटच नव्हती. दोन भाकरी झाल्या, तिसरी आली, आणि मी तार धरून नुसता बसलेला. मग ध्यानात आलं, मी वाट बघतोय. कशाची ते लिहू नये असं वाटतं, पण खोटं लिहायचं तर लिहायचं कशाला. तिचा हात अडकायची वाट बघत होतो. एकदाच, थोडासा. त्या जागी माझा सूर ठेवायचा होता.

गिटार खाली ठेवावी की भिंतीवर आपटावी, ते ठरेना. तिनं वळून बघितलं नाही.

"वाजवा की. कावून बसलाव?"

मी सुरू केलं. सरळ, एकेक ठोक्यावर, पोरांना शिकवतात तसं. जिन्याची चाल तशी वाजवली की काहीच राहत नाही, नुसत्या पायऱ्या. तिची थाप पुढं, माझा सूर मागं. मी ओढलं, परत मागं. तिचा हात एकदाही थांबला नाही.

"जरा हात उचला," ती म्हणाली. "मागं ऱ्हायलाव तुमी."

उचलला. तरी गाठता आलं नाही.